शेजारचं वाढीव बांधकाम: 'निकाली' निघालेल्या तक्रारीनंतर काय करावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. महापालिका हद्दीतल्या जुन्या ले-आउटमध्ये तुमचं वडिलोपार्जित बैठं घर आहे. शेजारच्या प्लॉटवरचा बंगला पाडून नवी इमारत उभी राहते आहे. तळमजला अधिक दोन मजल्यांची परवानगी असल्याचं मालक सांगतात, पण तिसरा स्लॅब पडल्यावर त्याच्याही वर कॉलमच्या सळ्या उभ्या राहिल्या आहेत. तुमच्या बाजूला मोकळी जागा जवळपास सोडलेलीच नाही, आणि खाली पार्किंगच्या जागी शटरचे गाळे दिसतायत. तुम्ही पालिकेच्या ॲपवर 'शेजारी बेकायदेशीर बिल्डिंग बांधत आहेत, कारवाई करावी' अशी तक्रार केली. 'सदर बांधकामास परवानगी देण्यात आलेली आहे' असा शेरा मारून ती बंद झाली. आता पुन्हा तक्रार करावी का, कुणाकडे, आणि आपलं नाव उघड होईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी महापालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. अशा तक्रारी टेबलाच्या पलीकडून पाहिल्या आणि आता लोकांना अर्ज लिहून देताना अलीकडूनही पाहतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्हाला आलेला शेरा नीट वाचा. त्यात खोटं काही नाही. तुम्ही म्हणालात बांधकाम बेकायदेशीर आहे, त्यांनी सांगितलं परवानगी आहे. परवानगी किती मजल्यांची, किती अंतर सोडून आणि कोणत्या वापराची, हा खरा मुद्दा. तो तुमच्या तक्रारीत नव्हता, म्हणून उत्तरातही आला नाही. तुमच्याकडे दुर्लक्ष झालं असं तुम्हाला वाटतंय आणि तो राग रास्त आहे. पण जागेवर न जाता टेबलावरूनच उत्तर देता येईल अशी ती तक्रार होती, हेही तितकंच खरं. अभियंत्याला टेप घेऊन जागेवर जावं लागेल आणि परत येऊन मोजमाप कागदावर लिहावं लागेल, असा अर्ज आता करायचा आहे. बाकी सगळं त्यानंतरचं.

आणि हे लवकर व्हायला हवं. पुढचा स्लॅब पडायच्या आधीची तक्रार आणि लोक राहायला आल्यानंतरची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काम चालू असताना ते थांबवायला एक नोटीस पुरते. संसार थाटले गेले की अधिकारी, न्यायालय, नगरसेवक सगळेच हात आखडता घेतात, आणि त्या कुटुंबांकडे पाहिलं तर त्यांचंही चुकत नाही. बेकायदा इमारती उभारणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तिथे वरचं काम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आणलेली होती. तुमच्या शेजारच्या इमारतीची तशी अवस्था आहे असं मी म्हणत नाही. पण खालच्या मजल्यावर पडदे लागलेले दिसले, की तुमच्या हातातला वेळ संपत आला असं समजा.

आता तुमच्या तीन मुद्द्यांकडे वळू. तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिला, वरच्या सळ्यांचा. नुसत्या सळ्या दिसल्या म्हणजे मजला वाढला असं होत नाही. गच्चीवर जिन्याची टोपी, लिफ्टची मशीन रूम, पाण्याची टाकी यांसाठी कॉलम वर न्यावेच लागतात आणि ते मंजूर नकाशातही असतात. काही मालक पुढेमागे मजला चढवता येईल म्हणून सगळ्याच कॉलमच्या सळ्या हातभर वर सोडून देतात. तेही अजून उल्लंघन नाही. तुम्ही पाहायचं ते असं: जिन्याच्या चार कॉलमांभोवतीच फळ्या लागल्यात, की कडेच्या कॉलमांनाही? सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याच्या प्लेटा, टेकू, विटांचे गठ्ठे वर चढतायत का? कडेच्या कॉलमांना कॉलर ओतलेली दिसली, म्हणजे कॉलमच्या पायथ्याशी काँक्रीटचा तो छोटा चौकोनी ओटा दिसला, तर मजला चढतोय यात शंका नाही. त्याच दिवशी तुमच्या गच्चीतून फोटो काढा.

दुसरा मुद्दा मोकळ्या जागेचा. याला नकाशावर 'सामासिक अंतर' म्हणतात, आणि तुमच्या प्रकरणात माझ्या मते हाच सगळ्यात भक्कम धागा आहे. मजले वाढवायला जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊन, सुधारित नकाशा मंजूर करून मागाहून वाट काढता येते. बाजूचं अंतर एकदा भिंतीने गिळलं की ते परत आणायला भिंतच हलवावी लागते. सवलत मागायची सोय काही बाबतीत आहे, पण आग लागली तर बंब किंवा शिडी न्यायची जागा म्हणून या अंतराकडे पाहिलं जात असल्याने कुठलाही शहाणा अधिकारी ती सहजासहजी देत नाही. किती अंतर हवं हे प्लॉटचा आकार, इमारतीची उंची, रस्त्याची रुंदी, ले-आउट जोडघरांचा आहे की सुट्या घरांचा, यावर ठरतं. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात कोष्टकं आहेत, पण ती घेऊन भांडू नका. मंजूर नकाशावर त्या प्लॉटचं अंतर आकड्यात लिहिलेलं असतं. तोच आकडा धरायचा.

मोजायचं कसं? अंतर हद्दीपासून इमारतीच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत धरतात. तुमची कंपाउंड भिंत हद्दीवर असेल तर तुमच्याच आवारातून, भिंतीवरून टेप सोडून अंदाज घेता येतो. त्यांच्या जागेत पाय ठेवू नका, कितीही मोह झाला तरी. पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला अशी तीन मापं घ्या, कारण प्लॉट क्वचितच काटकोनात असतात आणि एका टोकाला अंतर बरोबर दाखवून दुसऱ्या टोकाला भिंत पुढे घेतलेली मी अनेकदा पाहिली आहे. वरच्या मजल्याची बाल्कनी खालच्या भिंतीपेक्षा पुढे आली असेल तर तेही लिहा. टेप धरलेल्या स्थितीत, आकडा दिसेल असा एक फोटो आणि लांबून दोन्ही घरं दिसतील असा दुसरा, एवढं पुरतं.

इथे एक अडचण येऊ शकते. शेजारी म्हणतील, 'कंपाउंड हद्दीवर नाहीच, तुम्हीच आमच्या जागेत फूटभर आला आहात.' हा वाद पालिका सोडवत नाही. अभियंता सरळ 'हद्दीचा वाद असल्याने भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी' असं लिहून बाजूला होतो, आणि नियमाने त्याचं बरोबर असतं. म्हणून तुमच्याकडे मोजणीचा नकाशा नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज आजच टाकून ठेवा. मोजणीला वेळ लागतो, पण अर्जाची पावती हातात असली की 'हद्दच ठाऊक नाही' या सबबीतली हवा जाते.

तिसरा मुद्दा गाळ्यांचा. राहत्या भागात दुकान म्हणजे बेकायदेशीर असं सरसकट नसतं. रस्त्याची रुंदी पुरेशी असेल तर रोजच्या गरजेच्या दुकानांना परवानगी मिळते. प्रश्न असा की नकाशावर तिथे पार्किंग दाखवलंय की दुकानं? पार्किंग दाखवून शटर लावलं असेल तर तो वापरातला बदल झाला, आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दात वापर बदलणंही धरलेलं आहे. म्हणजे एक वीटही न रचता केलेला बदल त्या कायद्याखाली येतो. पण गाळे सुरू व्हायच्या आधी या मुद्द्याला धार नसते. 'शटर सुरक्षेसाठी लावलंय' असं उत्तर येतं. अर्जात त्याचा उल्लेख करा, भर मात्र अंतर आणि मजला यांवर ठेवा.

तिन्ही मुद्दे शेवटी मंजूर नकाशापाशी येऊन थांबतात हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो कसा मिळवायचा? आधी जागेवरचा फलक पाहा. परवानगीचा क्रमांक, तारीख, वास्तुविशारदाचं नाव असा फलक लावणं बंधनकारक आहे. रस्त्यावरून त्याचा फोटो घ्या. फलक नसेल तर ती बाबही अर्जात लिहा. मग तो क्रमांक पालिकेच्याच नोंदीत आहे का हे तपासा. ही शंका अती वाटेल, पण कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे घरं घेतलेली माणसं कागद पाहूनच फसली होती.

नकाशाच्या प्रतीसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. लांबलचक अर्ज त्याच कारणाने परत येतात. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, कारण कारण विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देय नाही' असं छापील उत्तर मिळतं. कागद मागा: सर्व्हे क्रमांक अमुक, प्लॉट क्रमांक अमुक यावरील बांधकाम परवानगीची, मंजूर व सुधारित नकाशांची, जोते (प्लिंथ) तपासणीच्या नोंदीची प्रत आणि फाइलचं अवलोकन. अवलोकनाचा हक्क कायद्यातच आहे, आणि नकाशाची प्रत 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती' म्हणून अडवली तरी फाइल पाहायला मिळण्याची शक्यता बरी असते. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिलं अपील. पण या उत्तराची वाट पाहत तक्रार थांबवू नका. महिन्याभरात एक स्लॅब आरामात पडतो. तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज एकाच दिवशी द्या.

आता तक्रारीचा मजकूर. मी साधारण असा लिहून देतो:

'विषय: प्लॉट क्र. __, सर्व्हे क्र. __ येथील मंजूर नकाशापेक्षा वेगळ्या चालू बांधकामाची स्थळपाहणी करून काम थांबवण्याबाबत. वरील ठिकाणी परवानगी क्र. __ अन्वये बांधकाम चालू असल्याचे जागेवरील फलकावरून दिसते. दि. __ रोजी पाहिले असता (१) पूर्व बाजूस आमच्या हद्दीपासून इमारतीची भिंत तीन ठिकाणी अनुक्रमे __, __ व __ मीटर अंतरावर आढळली. (२) तिसऱ्या स्लॅबच्या वर कडेच्या कॉलमचे काम चालू आहे. (३) तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने शटर बसवले आहेत. मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष मोजमाप ताडून पाहावे, तफावत आढळल्यास महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये काम थांबवण्याची नोटीस द्यावी व कलम ५३ अन्वये पुढील कार्यवाही करावी. स्थळपाहणी अहवालाची प्रत मिळावी. सोबत: फोटो, मोजमापाचे रेखाचित्र.'

एवढंच. मालकाचं राजकीय वजन, अधिकाऱ्यांचं संगनमत, तुमच्या आईंना होणारा त्रास, हे सगळं खरं असलं तरी या कागदावर नको. आरोप आले की अर्ज 'वैयक्तिक वाद' या खणात जातो. 'तफावत आढळल्यास' हे शब्दही जाणीवपूर्वक घातले आहेत. सुधारित नकाशा खरोखर मंजूर झालेला असू शकतो. तसं निघालं तर तुम्ही खोटी तक्रार केली असं कुणी म्हणू शकणार नाही.

हा अर्ज कुठे द्यायचा? जिथे तुमचा प्रभाग येतो त्या क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, आणि प्रत मुख्य इमारतीतल्या बांधकाम किंवा नगररचना विभागाला. अतिक्रमण विभागाला देऊ नका. ते रस्ता-फुटपाथवरच्या गोष्टी पाहतात आणि 'खाजगी जागा' म्हणून परत करतात. ॲपवरच्या बऱ्याच तक्रारी याच चुकीच्या रस्त्याने जाऊन मरतात. आवक खिडकीवर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ते शक्य नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. ॲपवर केलेल्या जुन्या तक्रारीचा क्रमांकही अर्जात घाला.

तुम्ही मुंबईत असता तर वॉर्ड ऑफिसात गेला असता आणि काम थांबवण्याची नोटीस १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५४-अ खाली निघाली असती. नगरपरिषद असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे. गावात ग्रामपंचायतीकडे, पण तिथे जमीन अकृषिक झाली आहे का हा प्रश्नही येतो, म्हणून प्रत तहसीलदारांना. गायरान किंवा सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण हा पूर्ण वेगळा विषय आहे, तो इथे लांबवत नाही.

अर्ज दिल्यावर काय होईल, हे आधीच ठाऊक असलेलं बरं, म्हणजे मध्येच धीर सुटणार नाही. पाहणी झाली आणि तफावत निघाली तर कलम ५४ ची काम थांबवण्याची नोटीस पटकन निघू शकते. तुमचा सगळा जोर या नोटिशीवर असू द्या. ती मिळूनही रात्री दिवे लावून काम चाललं तर त्याचे तारखेसह फोटो काढून त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देत दुसरं पत्र द्या. काम न थांबवणाऱ्यांना पोलिसांकरवी जागेवरून हटवण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ ने आयुक्तांना दिला आहे. तो क्वचित वापरला जातो, पण पत्रात त्या कलमाचा उल्लेख आला की फाइल वर सरकते, हा माझा अनुभव आहे.

पाडण्याची प्रक्रिया मात्र लांबते, आणि ती लांबणं दर वेळी भ्रष्टाचारामुळे नसतं. परवानगीच नसलेल्या बांधकामाला कलम ५३ मध्ये २४ तासांची नोटीस आहे. परवानगी असून तिच्या पलीकडे गेलेल्याला किमान एक महिना द्यावा लागतो. तुमचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारात बसतं. त्या मुदतीत मालकाने वाढीव भाग राखण्यासाठी परवानगीचा अर्ज केला, तर त्याचा निर्णय होईपर्यंत नोटीस अडून राहते. शिवाय १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देशभर अशी पद्धत घालून दिली आहे: स्थानिक कायद्यातली मुदत किंवा १५ दिवस यांतली जी नंतर संपेल ती पाळून नोटीस, मालकाला प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश आणि त्यानंतर पुन्हा १५ दिवस. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या बांधकामांना ही सवलत नाही. या निकालामुळे अनधिकृत बांधकामवाल्यांचं फावलं असं मी काही जणांकडून ऐकतो. मला तसं वाटत नाही. सुनावणीशिवाय चाललेला बुलडोझर उद्या कुणाच्याही दारात उभा राहू शकतो. तुम्हाला त्यातून घ्यायचं ते इतकंच, की उभी राहिलेली भिंत पाडायला महिने लागतात, म्हणून न उभारलेली भिंत अडवण्यात शक्ती लावा.

मालक दिवाणी न्यायालयात धावतील अशीही शक्यता आहे. नगररचना कायद्याच्या नोटिशींना दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही असं कलम १४९ सांगतं, तरी नोटीस चुकीच्या नावाने काढली, मोजमाप लिहिलं नाही, सुनावणी दिली नाही अशा त्रुटींवर स्थगिती मिळते. नोटीस बजावतानाच पालिकेने न्यायालयात कॅव्हेट दाखल करावं अशी विनंती तुमच्या दुसऱ्या पत्रात जरूर करा. कॅव्हेट असलं की पालिकेचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळत नाही. विधी विभागाला याची आठवण करून द्यावी लागते.

या काळात तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येईल: 'आम्ही टॅक्स भरतो, मीटर आहे, मग अनधिकृत कसं?' घरपट्टी लागल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामाला कराखेरीज शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे आणि ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असं नाही, हेही तिथेच म्हटलंय. पिंपरी-चिंचवडकरांना शास्तीकर वेगळा समजावून सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) पाहूनच वीज-पाण्याच्या जोडण्या द्याव्यात आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावं असं बजावलं आहे. म्हणून तुमच्या अर्जाची एक प्रत पाणीपुरवठा विभागाला द्यायला हरकत नाही.

तुमचा सगळ्यात नाजूक प्रश्न नावाचा. खरं सांगायचं तर, पूर्वेच्या अंतराबद्दलची तक्रार पूर्वेच्या शेजाऱ्यानेच केली असणार हे कुणालाही कळतं. नाव गुप्त ठेवावं अशी विनंती अर्जात करता येते, पण त्यावर विसंबू नका. निनावी अर्ज द्यायचा म्हणाल तर त्याला उत्तर देण्याचं बंधन कुणावर राहत नाही आणि पाठपुरावा तुम्हीच करू शकत नाही. तुमच्या ले-आउटमध्ये रहिवासी संघ किंवा सोसायटी असेल तर तिच्या लेटरहेडवर, ठराव करून, पाच-सहा घरांच्या सह्यांनी अर्ज द्या. गाळ्यांमुळे होणारी गाड्यांची गर्दी सगळ्यांनाच भोगायची आहे. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि त्याची प्रत पालिकेच्या फाइलला लावा.

आणि पैशांची भाषा कुणाशीही, कुठल्याही रूपात करू नका. 'तुमच्या भिंतीला प्लास्टर करून देतो, अर्ज मागे घ्या' असा निरोप मध्यस्थामार्फत येईल. त्यावर चहा पितानाही चर्चा नको. तुम्ही एक आकडा उच्चारलात की तोच मध्यस्थ उद्या तुमच्यावर खंडणीची तक्रार करायला साक्षीदार होतो. असं झालेलं मी पाहिलंय, आणि त्यानंतर मूळ बांधकामाबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. तुमचं खरोखर नुकसान झालं असेल, पाया खणताना तुमच्या भिंतीला तडा गेला असेल, तर त्याची भरपाई मागण्याचा मार्ग वकिलाच्या नोटिशीचा आहे आणि तो या तक्रारीपासून वेगळा ठेवा.

अर्ज देण्याआधी स्वतःच्या घराभोवती एक फेरी मारा. मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे? गॅलरी बंद केली आहे? कंपाउंडच्या बाहेर पायरी आली आहे? तुमच्या अर्जानंतर आठवड्याभरात तुमच्याविरुद्ध अर्ज येणार हे धरून चाला. जे चटकन काढता येईल ते काढून टाका. मोठं काही असेल तर आधी एखाद्या परवानाधारक अभियंत्याला दाखवा. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तिथेही अर्जदार स्वच्छ हाताने आला आहे का हे आधी पाहिलं जातं.

पंधरा-वीस दिवसांत पाहणी झाली नाही तर उपायुक्तांना पत्र, मग आयुक्तांना. महापालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे वरिष्ठांनी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस, असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो आणि खालच्या पातळीवर दाद मागितल्याचा कागद लागतो, म्हणून ती आवक क्रमांकाची पोच. तिथे वरिष्ठांसमोर सहायक आयुक्तांना उत्तर द्यावं लागतं. त्याच आठवड्यात पाहणी उरकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कारवाई टाळणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, शिक्षेची तरतूद नगररचना कायद्याच्या कलम ५६-अ मध्ये आहे. पहिल्याच पत्रात ते कलम दाखवलंत तर समोरचा माणूस बचावात्मक होतो आणि फाइल अडते. तिसऱ्या पत्रासाठी ते राखून ठेवा. लोकायुक्त आणि उच्च न्यायालयातली रिट याचिका हे त्यापुढचे टप्पे. रिट करायची तर वकील पहिल्यांदा विचारतील ती गोष्ट म्हणजे तुमची तारीखवार पत्रं आणि त्यांच्या पोच. ती फाइल आजपासूनच लावा.

तुम्ही लिहिलंय की सेंट्रिंगचं सामान परवा वर चढलं. तसं असेल तर स्लॅब ओतायला फार दिवस नाहीत. उद्या सकाळी फोटो आणि मापं घ्या, दुपारच्या आत अर्ज आवक करा. आणि पोच हातात पडल्यावर त्याच कार्यालयात तुमच्या प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष भेटून पाहणीची तारीख विचारा. शांतपणे विचारा. त्याच्याकडे अशा शेकडो फायली असतात, आणि मोजमापासकट आलेला अर्ज तो बाजूला काढून ठेवतो. पाहणीच्या दिवशी तुम्ही तुमच्या आवारात हजर राहा, टेप कुठून कुठे धरला ते पाहा, आणि तो पंचनाम्यात अंतराचा आकडा मीटरमध्ये लिहितो ना याची खात्री करून घ्या. 'कमी अंतर आढळले' एवढंच लिहिलं तर आकडा टाकायची विनंती तिथल्या तिथे करा, कारण सुनावणीत नुसत्या शब्दांवर नोटीस टिकत नाही.